ममी परत आली, पण तिची गोष्ट कुणी ऐकलीच नाही

(एपिसोडचा लिखित पाठ. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

हेडफोन लावलेत? लोकलमध्ये असाल, बसच्या रांगेत असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय आहे 'द ममी'. थांबा, तुमच्या डोक्यात आत्ता जी आली ना, ती नाही. ब्रेंडन फ्रेझरवाली नाही. टॉम क्रूझवाली. २०१७ ची.

बघा, आत्ता काही जण 'हां, ती होय' म्हणाले असतील आणि बाकीचे 'अशी पण एक आहे?' असं म्हणाले असतील. मला आज त्या दुसऱ्या लोकांशी बोलायचंय. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्टार्सपैकी एक, शंभरी ओलांडलेला युनिव्हर्सल स्टुडिओ, बजेट कुणी साडेबारा कोटी डॉलर सांगतं, कुणी साडेएकोणीस कोटी. एवढं सगळं असून सिनेमा असा, की तो येऊन गेला हेच लोकांच्या लक्षात नाही. वाईट सिनेमे तर ढिगानं येतात हो. पण एवढा खर्च करून विसरला जाणारा सिनेमा कसा बनतो, हे बघण्यासारखं आहे. आणि माझं म्हणणं असंय की त्या सिनेमात एक जबरदस्त गोष्ट होती. पहिल्या दहा मिनिटांत ती सांगून झाली आणि मग सगळ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

स्पॉयलर भरपूर आहेत, आधीच सांगते. पण सिनेमा येऊन इतकी वर्षं झालीत, त्यामुळे मला फार अपराधी वगैरे वाटत नाहीये.

आधी बाशिंग, मग लग्न

सुरुवात सिनेमाच्या आधीपासून करूया. डिसेंबर २०१६. ट्रेलर येतो. आणि त्याची एक आवृत्ती चुकून अशी अपलोड होते की तिच्यात संगीत नाही, इफेक्ट्सचे आवाज नाहीत. विमान कोसळतंय, माणसं इकडून तिकडे आपटतायत, आणि ऐकू काय येतं? फक्त टॉम क्रूझचं ओरडणं. 'आऽऽ'. मग शांतता. मग पुन्हा 'आऽऽ'. (हसते) तुम्ही नसेल बघितलं तर शोधा, इंटरनेटवर त्याचे मीम्स अजून फिरतायत. खरं सांगू, सिनेमापेक्षा तो ट्रेलर जास्त लोकांच्या लक्षात राहिला.

मग येतो २२ मे २०१७. सिनेमा रिलीज व्हायला अठरा दिवस बाकी आहेत. युनिव्हर्सल जाहीर करतं, की हा नुसता एक सिनेमा नाही, ही 'डार्क युनिव्हर्स'ची सुरुवात आहे. म्हणजे स्टुडिओचे सगळे जुने राक्षस, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, त्याची वधू, अदृश्य माणूस, सगळे एका जगात आणणार. मार्व्हलसारखं. त्यासाठी वेगळा लोगो. लोगोला वेगळं संगीत, तेही डॅनी एल्फमनचं. पुढच्या सिनेमाची तारीखसुद्धा ठरलेली, 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन', १४ फेब्रुवारी २०१९, व्हॅलेंटाइन डे. आणि एक फोटो. त्यात पाच जण. टॉम क्रूझ, रसेल क्रो, हावियेर बार्देम, जॉनी डेप आणि सोफिया बुतेला. चार पुरुष, एक बाई. आणि ज्या सिनेमाचं नाव 'द ममी' आहे, त्यातली ममी कोण? ती एकटी बाई. हा फोटो लक्षात ठेवा, आपल्याला नंतर लागणार आहे.

आपल्याकडे याला काय म्हणतात? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पहिला सिनेमा लोकांना आवडेल का, हेच अजून माहीत नाही, आणि इकडे पुढच्या सिनेमांची पंगत मांडून झाली.

आता कुणी म्हणेल, मार्व्हलनंही तेच केलं की. नाही केलं. २००८ चा 'आयर्न मॅन' आठवा. तो संपूर्ण सिनेमा एका माणसाचा आहे. शस्त्रं विकणारा माणूस स्वतःच्याच शस्त्रानं जखमी होतो आणि बदलतो, एवढीच गोष्ट. पुढच्या मोठ्या जगाचा उघड इशारा येतो सगळी नावं वर सरकून गेल्यावर, एका छोट्याशा प्रसंगात. ज्याला कंटाळा आला तो उठून गेला असेल तरी त्याचं काही बिघडलं नाही. आणि सगळे एकत्र आले ते चार वर्षांनी, सहाव्या सिनेमात.

आणि गंमत बघा, हे युनिव्हर्सलला कुणी शिकवायची गरजच नव्हती. राक्षसांना एकत्र आणायची कल्पना मूळ त्यांचीच! १९३१ साली 'ड्रॅक्युला' आला, त्याच वर्षी 'फ्रँकेन्स्टाइन' आला. १९३२ मध्ये 'द ममी', १९३३ मध्ये 'द इनव्हिजिबल मॅन', १९४१ मध्ये 'द वुल्फ मॅन'. आणि या राक्षसांपैकी दोघांची पहिली भेट कधी? १९४३ मध्ये, 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन'. म्हणजे बारा वर्षं. बारा वर्षं लोक एकेका राक्षसाला घाबरले, त्याची कीव केली, त्याला ओळखू लागले. ओळखीच्या दोन माणसांची भेट बघायला मजा येते. अनोळखी दोघांची भेट म्हणजे काय, नुसती स्टेशनवरची गर्दी.

१९३२ ची भीती कुठून आली?

आता जरा मागे जाऊ, कारण ममी हा राक्षस मुळात भीतीदायक का आहे हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नीट विचार केला तर ममी फार काही करू शकत नाही. पट्ट्या गुंडाळलेलं वाळकं प्रेत. हळू चालतं. तुम्ही जरा भरभर चाललात तरी वाचाल. मग लोक का घाबरले?

नोव्हेंबर १९२२. इजिप्तमध्ये हॉवर्ड कार्टरला तुतनखामुनची कबर सापडते. जगभर बातमी. या उत्खननाला पैसा पुरवणारा लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मध्ये, म्हणजे पाचेक महिन्यांत, कैरोत मरतो. डास चावला, ती जखम चिघळली, संसर्ग झाला. पण वर्तमानपत्रांना एवढ्या साध्या कारणात काय रस असणार? त्यांनी 'फॅरोचा शाप' छापला. आणि तो शाप खपला.

तो का खपला, हे महत्त्वाचं आहे. कारण युरोपातल्या लोकांना कुठेतरी आत माहीत होतं, की आपण दुसऱ्याच्या देशात जाऊन दुसऱ्याचं थडगं उघडतोय, त्यातल्या वस्तू मोजतोय, उचलतोय. शाप म्हणजे त्या टोचणीचंच दुसरं नाव. मेलेला माणूस उठून विचारेल, 'माझं सामान कुठे नेताय?'

१९३२ च्या सिनेमाची पटकथा लिहिली जॉन बाल्डरस्टन यांनी. हे आधी पत्रकार होते आणि तुतनखामुनच्या कबरीच्या बातम्या त्यांनी स्वतः दिल्या होत्या. म्हणजे ती भीती त्यांनी जवळून बघितलेली. दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड, ममी झाला बोरिस कार्लॉफ. त्याचा मेकअप करायला जॅक पिअर्सला आठ तास लागायचे, आणि एवढं करून पट्ट्यांमधली ममी पडद्यावर दिसते किती? सुरुवातीच्या एका प्रसंगात, तीही पूर्ण नाही. एक तरुण संशोधक प्राचीन मंत्र वाचतो. मागे ममीचे डोळे किंचित उघडतात. मग एक हात दिसतो. मग जमिनीवरून सरपटत जाणारी पट्टी. आणि तो तरुण हसायला लागतो, वेड लागल्यासारखा. झालं, एवढंच. मोजून पाहिलं तर अख्खा सिनेमा ७३ मिनिटांचा आहे. आजच्या काही वेब सिरीजचा एक एपिसोड तेवढा असतो.

मग १९९९ साली स्टीफन सॉमर्सनं त्याच ममीचं साहस केलं. विनोद, पळापळ, वाळूची वादळं, मांस खाणारे किडे. टीव्हीवर हिंदी डबिंगमध्ये आपल्यापैकी कित्येकांनी तो इतक्या वेळा बघितलाय की संवाद पाठ आहेत. तो काही फार भीतीदायक नाहीये. पण एक गोष्ट त्यानं सोडली नाही. इम्होतेपला काय पाहिजे, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. त्याला त्याची मेलेली प्रेयसी परत पाहिजे. तो माणसं मारतो, शहरावर रोगराई आणतो, पण त्यामागे एक कारण आहे आणि ते कारण माणसाचं आहे. म्हणून शेवटी ती त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा मारली जाते, तेव्हा त्या राक्षसाच्या चेहऱ्याकडे बघून आपल्याला वाईट वाटतं. राक्षसाबद्दल वाईट वाटणं, ही या प्रकारच्या सिनेमाची खरी कमाई.

अहमानेत: पहिली दहा मिनिटं

आता येऊ २०१७ कडे. या वेळी ममी बाई आहे. नाव अहमानेत. भूमिका सोफिया बुतेलाची. आणि तिची गोष्ट ऐका.

ती फॅरोची एकुलती एक मुलगी. गादीची वारस. लहानपणापासून तिला सांगितलंय की पुढची राणी तूच. ती युद्धकला शिकते, राज्य करायला तयार होते. आणि मग बापाच्या दुसऱ्या बायकोला मुलगा होतो. विषय संपला. त्या तान्ह्या बाळापुढे तिची सगळी वर्षं, सगळी तयारी शून्य. ती मुलगी आहे एवढं कारण पुरतं. मग ती सेत या देवाशी करार करते आणि बापाला, सावत्र आईला, बाळाला मारते. शिक्षा म्हणून तिला जिवंतपणी ममी करतात, इजिप्तपासून खूप लांब मेसोपोटेमियात नेऊन पाऱ्याच्या तळ्यात पुरतात आणि इतिहासातून तिचं नाव पुसून टाकतात.

मंडळी, ही गोष्ट आपल्याला अनोळखी वाटते का? मुलगा झाला आणि मुलीचं घरातलं स्थान एका रात्रीत बदललं, हे समजायला इजिप्तला जायला लागतं का? २०११ साली आपल्या सातारा जिल्ह्यात दोनशेहून जास्त मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली गेली. त्यांची जुनी नावं काय होती? नकुशी. म्हणजे नको असलेली. घरात मुलगा पाहिजे होता आणि पुन्हा मुलगी झाली, म्हणून हे नाव. शाळेच्या हजेरीपटावर हेच नाव रोज पुकारलं जायचं. या मुलींपैकी कुणी राजकन्या नव्हती आणि कुणी खून केले नाहीत. पण वारसाच्या नादात पोरीला बाजूला सारणं म्हणजे काय, हे त्यांना कुठल्याही पटकथालेखकापेक्षा जास्त चांगलं माहीत असणार.

आणि खऱ्या इजिप्तमध्येसुद्धा याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे बरं का. हातशेपसुत. सिनेमा तिच्यावर बेतलेला नाही, पण तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इसवी सनापूर्वीचं पंधरावं शतक. नवरा वारला, सावत्र मुलगा लहान, म्हणून ती राज्य बघायला लागली. आणि मग तिनं स्वतःच फॅरोपद घेतलं. काही शिल्पांत ती फॅरोची खोटी दाढी लावलेली दिसते, कारण राजाचं चित्र तसंच काढायची पद्धत होती. तिनं वीसेक वर्षं राज्य केलं. लक्सॉरजवळ देर अल-बहरीला तिचं भव्य मंदिर आजही उभं आहे. आणि तिच्या मृत्यूनंतर, त्या सावत्र मुलाच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात, ठिकठिकाणी तिचं नाव छिन्नीनं खरवडून काढलं गेलं, पुतळे फोडले गेले. पार एकोणिसाव्या शतकात शिलालेख वाचले जाऊ लागले, तेव्हा कुठे ती पुन्हा हळूहळू उजेडात यायला लागली.

विचार करा, हातात काय माल होता! पुसून टाकलेली एक बाई हजारो वर्षांनी उठते. तिला तिचं राज्य पाहिजे, तिचं नाव पाहिजे. आणि तिनं एका निष्पाप बाळाला मारलेलं आहे, म्हणजे आपण सरळसरळ तिच्या बाजूनंही उभे राहू शकत नाही. राक्षस असाच पाहिजे ना? जिचा राग आपल्याला कळतो आणि जिची कृती बघवत नाही, अशी.

मग सिनेमानं काय केलं?

त्यांनी तिला साखळ्यांनी बांधून तळघरात ठेवलं. मी अलंकारिक बोलत नाहीये, खरंच ठेवलं.

झालं काय, की सिनेमा तिचा नाहीच. सिनेमा निक मॉर्टनचा. म्हणजे टॉम क्रूझचा. निक हा इराकमध्ये अमेरिकी सैन्यात आहे आणि जोडधंदा म्हणून प्राचीन वस्तू चोरून विकतो. आता बघा, ही कल्पनासुद्धा किती चांगली होती. खऱ्या मोसुलमध्ये २०१५ साली अतिरेक्यांनी संग्रहालयातल्या मूर्ती हातोड्यांनी फोडल्या, ते व्हिडिओ सगळ्या जगानं बघितले. युद्धाच्या धुराळ्यात एका बाजूला फोडणारे आणि दुसऱ्या बाजूला चोरणारे. १९३२ ची जी टोचणी होती ना, 'माझं सामान कुठे नेताय?', ती २०१७ मध्ये जशीच्या तशी लागू पडत होती. नायक स्वतः चोर! आणि सिनेमा त्याला हा प्रश्न एकदाही धड विचारत नाही. चोरी म्हणजे नायकाचा खट्याळपणा, एवढंच.

मग विमान कोसळतं. हे दृश्य अप्रतिम आहे, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. टॉम क्रूझ आणि ॲनाबेल वॉलिस यांनी ते खऱ्या विमानात, विमान वरून खाली झेपावताना काही सेकंद जी वजनरहित अवस्था मिळते तिच्यात, साठहून जास्त वेळा शूट केलं. युनिटमधल्या लोकांना उलट्या होत होत्या. ती मेहनत पडद्यावर दिसते. पण ते दृश्य संपतं आणि आपण लंडनला पोचतो. तिथे जमिनीखाली 'प्रॉडिजियम' नावाची गुप्त संस्था, तिचा प्रमुख डॉक्टर जेकिल, म्हणजे रसेल क्रो. आणि इथे गोष्ट थांबते आणि जाहिरात सुरू होते.

कॅमेरा फिरतो. एका बरणीत सुळ्यांची कवटी, म्हणजे व्हॅम्पायर येणार. दुसरीकडे पाण्यातल्या प्राण्याचा पंजा, म्हणजे तोही येणार. जेकिल आहे म्हणजे हाइडही आलाच, मग त्याची आणि निकची मारामारी. सिनेमाच्या ऐन मध्यावर, जिथे भीती चढत जायला पाहिजे, तिथे आपल्याला जणू शोरूम दाखवायला आणलंय. आणि या सगळ्या वेळात अहमानेत काय करते? साखळ्यांत उभी आहे आणि तिच्या अंगात पारा टोचतायत. एवढा पैसा घालून जिला उठवली, तिला मधल्या भागात कामच नाही.

आणि तिला पाहिजे काय, तेही बदलून जातं. सुरुवातीला तिला सिंहासन पाहिजे होतं. जागी झाल्यावर तिला निक पाहिजे. त्याला सेतचं रूप द्यायचं, आपल्या शेजारी बसवायचं. म्हणजे जिला मुलगी म्हणून गादी नाकारली, ती बाई हजारो वर्षांनी उठून एका पुरुषाला गादीवर बसवायच्या मागे लागते! अहो, तिला विचारा तरी!

शेवट तर कळस आहे. निक स्वतःला खंजीर मारून घेतो, सेतची शक्ती त्याच्यात येते आणि तो अहमानेतचा प्राण शोषून घेतो. ती पुन्हा वाळकं प्रेत. तिला पुन्हा पाऱ्यात बुडवतात. आणि निक मेलेल्या नायिकेला जिवंत करून, मित्राला घेऊन, वाळवंटात घोडा दौडवत पुढच्या सिनेमाकडे निघून जातो. तो पुढचा सिनेमा कधी आलाच नाही, ही गोष्ट वेगळी.

आता तो फोटो आठवा. चार पुरुष, एक बाई. सुरुवातीला बापानं तिला मुलासाठी बाजूला केलं. सिनेमानं तिला नायकासाठी बाजूला केलं. तीच गोष्ट दुसऱ्यांदा घडली, आणि ती घडवणाऱ्यांना पत्ताच नाही.

सोफिया बुतेलाला मात्र मानलं पाहिजे. जेवढे प्रसंग मिळाले तेवढ्यांत, मोडलेल्या हाडांनी सरपटत येणारी ती बाई अंगावर काटा आणते. ताकद तिच्यात होती. जागा मिळाली नाही.

पैशांची गोष्ट

थोडं आकड्यांकडे बघू, कारण काही जण म्हणतील, जगभरात एक्केचाळीस कोटी डॉलर कमावले, मग फ्लॉप कसा?

तिकिटाचा सगळा पैसा स्टुडिओला मिळत नाही. ढोबळमानानं निम्मा थिएटरवाले ठेवतात, काही देशांत त्याहून जास्त. वर जाहिरातीचा खर्च वेगळा. अमेरिकी सिनेव्यवसायाच्या बातम्यांमध्ये तेव्हा तोट्याचा अंदाज साडेनऊ कोटी डॉलरपर्यंत गेला होता. आणि हे बघा, १९९९ च्या 'ममी'नं आठ कोटींच्या बजेटमध्ये जवळपास एवढेच, एक्केचाळीस कोटींच्या आसपास कमावले होते. अठरा वर्षांत तिकिटं केवढी महाग झाली, आणि बेरीज तिथल्या तिथे.

अमेरिकेत ९ जूनच्या त्या शनिवार-रविवारात 'द ममी'ची कमाई सव्वातीन कोटींच्याही जरा आतच राहिली. पहिल्या नंबरवर कोण होतं? 'वंडर वुमन'. दुसरा आठवडा असून पावणेसहा कोटींच्या वर. म्हणजे प्रेक्षक घरी बसले नव्हते. ते शेजारच्या पडद्यावर एका बाईची गोष्ट बघत होते, जी खरोखर तिचीच होती.

ऑक्टोबरमध्ये 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' लांबणीवर पडला. नोव्हेंबरपर्यंत हे जग उभारायची जबाबदारी ज्या दोघांवर होती, ते ॲलेक्स कर्ट्झमन आणि ख्रिस मॉर्गन बाजूला झाले. घोषणेपासून सहा महिन्यांत दुकान बंद. कर्ट्झमन हेच सिनेमाचे दिग्दर्शक. पुढे काही वर्षांनी एका मुलाखतीत त्यांनी हे आपल्या आयुष्यातलं बहुतेक सगळ्यात मोठं अपयश असल्याचं, आणि त्यातून खूप शिकल्याचं मोकळेपणानं सांगितलं. मला ते आवडलं. पण मला एकट्या दिग्दर्शकाला धरायचं नाहीये. सिनेमाच्या लेखनाच्या श्रेयात कथा आणि पटकथा मिळून सहा नावं आहेत. सहा जणांनी मिळून एकच भाजी केली, प्रत्येकानं आपलं मीठ घातलं. चव कशी येणार?

त्याच कपाटातला दुसरा राक्षस

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. त्याच स्टुडिओनं, त्याच कपाटातून, तीन वर्षांनी दुसरा राक्षस काढला. 'द इनव्हिजिबल मॅन', फेब्रुवारी २०२०. दिग्दर्शक ली व्हॅनेल. बजेट? सत्तर लाख डॉलर. मिलियन नाही, लाख. म्हणजे 'ममी'चा कमी आकडा धरला तरी त्याच्या सतराव्या भागापेक्षा जरा कमीच.

मूळ सिनेमात गोष्ट अदृश्य झालेल्या शास्त्रज्ञाची होती. व्हॅनेलनं एकच खुर्ची हलवली. गोष्ट त्या माणसाची नाही, त्याच्यापासून पळालेल्या बाईची केली. सिसिलिया, म्हणजे एलिझाबेथ मॉस, मध्यरात्री नवऱ्यासारखा हक्क गाजवणाऱ्या जोडीदाराच्या घरातून पळते. मग बातमी येते की त्यानं आत्महत्या केली. आणि मग तिला वाटायला लागतं, की तो इथेच आहे. याच खोलीत. दिसत नाहीये एवढंच.

आणि कुणी तिचं ऐकत नाही. बहीण नाही, मित्र नाही, पोलीस नाहीत.

थंड रात्री ती घराबाहेर उभी असते, तिच्या तोंडातून वाफ निघते, आणि क्षणभरानं तिच्या मागे, जिथे कुणीच नाही तिथे, दुसरी वाफ निघते. हे एवढंसं दृश्य. कॅमेरा रिकाम्या कोपऱ्याकडे वळतो आणि नुसता थांबतो. रिकाम्या खुर्चीची भीती वाटते. कारण आपल्याला माहीत असतं, की बाहेरच्या लोकांना सज्जन दिसणारा आणि घरात छळणारा माणूस ही काही कल्पना नाही. अशा घरातून आलेली मैत्रीण, मावशी, शेजारीण आपण सगळ्यांनी बघितलेली असते. 'तो तर किती चांगला आहे गं' हे वाक्यही ऐकलेलं असतं.

या सिनेमानं जगभरात चौदा कोटी डॉलरच्या वर कमावले, आणि तेही मार्चमध्ये थिएटरं बंद व्हायला लागली असताना.

पण एक सांगते, यातून 'कमी बजेट म्हणजे चांगला सिनेमा' असा धडा घेऊ नका. त्याच व्हॅनेलनं २०२५ मध्ये 'वुल्फ मॅन' केला, तोही तुलनेनं छोटा, आणि तो काही चालला नाही. पैसा कमी असण्यात पुण्य नाही आणि जास्त असण्यात पाप नाही. प्रश्न एवढाच, की राक्षस कुणाच्या भीतीतून आलाय आणि त्या माणसाला तुम्ही पडद्यावर जागा दिलीत का.

मग आपण काय घ्यायचं?

तुम्ही म्हणाल, ताई, हॉलिवूडचे पैसे बुडाले, आपल्याला काय त्याचं? खरंय. त्यांचे अकाउंटंट समर्थ आहेत.

पण आपण सगळेच आता गोष्टी सांगणारे लोक आहोत. कुणी रील करतं, कुणी शॉर्टफिल्म, कुणी एकांकिका, कुणी माझ्यासारखं माइकसमोर बसतं. आणि आपल्या सगळ्यांना आधी पार्ट टू सुचतो. 'सिरीज करूया', 'युनिव्हर्स करूया', लोगो तयार, पेज तयार, आणि पहिली गोष्ट? ती बघू नंतर. मला वाटतं, त्या पहिल्या गोष्टीला सगळं देऊन टाकावं. हातचं राखू नये. लोकांना आवडली तर ते स्वतः विचारतील, पुढे काय झालं?

आणि भीतीच्या गोष्टी हलक्या समजू नका. ज्या गोष्टी घरात सरळ बोलता येत नाहीत, त्या भुताखेतांच्या गोष्टींतून बोलल्या जातात. विहिरीत जीव दिलेल्या सुनेचं भूत कुणी पाहिलं ते विचारण्याआधी, तिनं जीव का दिला ते विचारा. अहमानेतच्या बाबतीत तेच राहून गेलं. तिचा राग दाखवण्यासाठी कोट्यवधींचे इफेक्ट्स होते, पण तो राग ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

वीकेंडला काही बघायचं असेल तर असं करा. आधी १९३२ चा 'द ममी' बघा, सव्वा तासात होतो, रात्री दिवे बंद करून बघा. मग १९९९ चा, तो तर तुम्ही बघणारच, मी सांगायची गरज नाही. मग २०१७ चा बघा, पण एक खेळ करत. अहमानेत पडद्यावर असताना मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करा, ती गेली की थांबवा. शेवटी किती मिनिटं भरली ते मला कळवा. आणि मग 'द इनव्हिजिबल मॅन'. तो एकट्यानं बघू नका, एवढंच सांगते.

तुमच्या गावात, वाड्यात, हॉस्टेलवर एखाद्या बाईच्या भुताची गोष्ट सांगतात का? सांगत असतील तर ती कोण होती आणि तिचं काय झालं होतं, हे कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. गोष्टीत कुणा खऱ्या घराचं नाव येत असेल तर ते तेवढं गाळा. चांगल्या गोष्टी जमल्या तर आपण त्यावर एक एपिसोड करू. बघा, मी पण पार्ट टू जाहीर करत होते! (हसते) नाही. आधी गोष्टी येऊ देत.

भेटूया पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि गाडी चालवताना हेडफोन काढा. बाय!